गाळलेले ठिपके

जंगलखात्याच्या गार्ड गोपालनं मोहाच्या झाडाखालची गार राख काठीनं उकरली आणि बुधरीला नाव विचारलं. आता गोपालला तिचं नाव ठाऊक नव्हतं थोडंच! पण पंचनामा म्हटला की ओळखपाळख बाजूला राहते.

"इथी तं कोनीच नव्हतं," बुधरी म्हणाली. "पाह्यलं कोनं?"

गोपालनं मोबाइल पुढे केला. उपग्रहाच्या नकाशावर बरोबर तिच्या झाडाशी लाल ठिपका होता. पुन्हा जाळलं तर केस करीन, असं बजावून तो गेला.

तो ठिपका धाडणारा तिचाच लेक, चंदन. गडचिरोलीला जंगलखात्याच्या कचेरीत कंत्राटावर होता. उपग्रहाच्या चित्रांतून जळलेलं रान शोधायचं त्याचं काम. नवी चित्रं आली की सकाळी इंटरनेटवर ती तपासणारी स्क्रिप्टं हातानं चालवायची, ठिपके बघायचे आणि गार्डांना कळवायचे. मोहाखालचे बारके ठिपके तो गाळायचा. फुलं वेचायची तर खालचा पाला जाळावाच लागतो, हे त्यानं पोरपणापासून पाहिलेलं. आपण गाळतो आहोत हेही त्याच्या ध्यानात नसायचं.

मग गड्याला हुक्की आली. त्यानं पायथन या संगणकाच्या भाषेत असा प्रोग्राम लिहिला, की पहाटे सगळी स्क्रिप्टं आपसूक चालावीत आणि ठिपके थेट गार्डांच्या मोबाइलवर पडावेत. साहेबांनी पाठ थोपटली. हातानं करायचं ते सगळं त्यानं मशीनला शिकवलं, गाळायचं तेवढं राहून गेलं.

मोहाचे ठिपके मशीनला सोडायला सांगू का, असं त्यानं मागाहून साहेबांना विचारून पाहिलं. जंगलात जाळणं गुन्हा आहे, तुझ्या आईसाठी वेगळा कायदा नाही, म्हणाले. खोटं नव्हतं ते. चंदन रविवारी गावी आला तो मेल्याहून मेल्यासारखा होऊन.

बुधरी मोहाखालचा पाला खराट्यानं लोटत होती. लोटावं तेवढा वाऱ्यानं पुन्हा पसरत होता, आणि पहाटे पडलेली अर्धी फुलं त्यातच दडली होती.

"माय, मशीननं धाडलं ते," चंदन म्हणाला. "पन मशीन माहीच. मीच धाडलं समज."

बुधरीचे हात थांबले. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आता पाहून राह्यला का थो?" तिनं वर आभाळाकडे बघत विचारलं.

"आज नाई. उपग्रह परवा येते."

तरी बुधरीनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि ती खाली वाकून लोटायला लागली.