गप्प बसलेला लिलाववाला

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज म्हणजे देवाची देणगी, पण ती घरी ठेवून यायची सोय काही देवाने केली नव्हती. लेकीचा फुटबॉलचा सामना असला की हा गडी मैदानाच्या दोरीशी उभा राहून सगळा सामना एकटाच खेळायचा. "भिंगरे, पास दे! अगं, मागे बघ! मार!"

साखळी सामन्यात भिंगरीला पेनल्टी मिळाली, तेव्हा हा गरजला, "उजव्या कोपऱ्यात!" लेकीने बापाचं ऐकलं. समोरच्या गोलकीपर पोरीनेही ऐकलं. तिने त्याच कोपऱ्यात उडी मारली आणि चेंडू अलगद पोटाशी धरला. त्या रात्री भिंगरी जेवली नाही.

आता अंतिम सामना त्याच संघाशी होता. निघताना ती म्हणाली, "बाबा, तू यायचंस. पण तोंड उघडलंस तर मी खेळ सोडून बाहेर येईन." बोलली की करायची, हट्टाच्या बाबतीत बापावरच गेली होती.

तो आला आणि सामनाभर मूग गिळून बसला. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना भिंगरीला पुन्हा पेनल्टी मिळाली. शब्द पार जिभेवर आला.

"अहो, गिळा!" बायकोने दंडाला चिमटा काढला. त्याने डोक्यावरची टोपी ओढून दातांत धरली.

भिंगरीने चेंडू ठेवला. गोलकीपर तिच्याकडे बघेचना; तिचे डोळे आणि कान दोरीपाशी लागलेले. आता ओरडेल, मग ओरडेल. दोरीपाशी टोपी चावण्यापलीकडे काही घडत नव्हतं.

भिंगरी धावली. चेंडू डाव्या कोपऱ्यात जाळीला जाऊन थडकला, आणि गोलकीपर बिचारी वाट बघत जागच्या जागी उभीच.

शिट्टी झाली. पोरींचा घोळका सोडून भिंगरी थेट दोरीकडे धावत आली. "जिंकलो! बाबा, आता ओरड ना!"

त्याने दातांतली टोपी काढली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. ज्या आवाजावर गाड्याच्या गाड्या कोबी खपायचा, तो फुटेचना. नुसतं डोळ्यांतून पाणी. लेकीचा इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता, आणि सांगायला आवाज नव्हता.

तेव्हा जन्मात कधी आवाज न चढवणारी त्याची बायको दोरीवरून पुढे वाकली आणि ओरडली, "ही आमची भिंगरी!"

अख्खं मैदान वळून बघायला लागलं.