मुंगीच्या खोलीची भिंत

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. एके काळी माझा रंग पिवळाधमक होता आणि माझ्या अंगभर हिरवी पाने होती, हे आता मुद्दाम सांगावे लागते. पाने अजून आहेत, पण ती शोधावी लागतात. माझ्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आहे, तो मात्र जसाच्या तसा आहे. हल्ली मी घडी होऊन एका उशीखाली पडलेला असतो. चांगल्या धडधाकट पडद्यावर अशी पाळी का आली, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका कापडगिरणीत झाला. तिथून मी दुकानात आलो आणि वरच्या फळीवर बरेच दिवस धूळ खात बसलो. एके दिवशी एक बाई आली. तिने माझे टोक दोन बोटांत धरून चुरगळले, सोडले आणि सुरकुती पडते का ते पाहिले. ती एका लाँड्रीत इस्त्री करत असे, त्यामुळे तिला कापडाबद्दल कुणी फसवू शकत नसे. तिच्याबरोबर तिचे वडील होते. ते रंगारी. त्यांनी मला उजेडात धरले आणि म्हणाले, "घे पोरी. हा रंग दगा देणार नाही."

घरी आल्यावर तिने मला आधी मिठाच्या पाण्यात बुडवले. मग शेजारणीच्या मशीनवर शिवले. माझ्या कडेला तिने दुहेरी शिवण घातली. "एकदा लावला की पुन्हा बघायला नको," ती म्हणाली. ही शिवण फारच पक्की निघाली, मित्रांनो. पुढे एके दिवशी मला तिचा राग आला, पण ते नंतर.

त्या घरात आम्हा सर्वांत मिळून एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक खिडकी होती. खिडकी माझी होती. आजोबांनी, म्हणजे त्या रंगारी वडिलांनी, कामावरून उरलेला पांढरा रंग आणून खिडकीची चौकट रंगवली आणि एक थेंब टपकन माझ्यावर पडला.

"बाबा," ती ओरडली, "जन्मभर लोकांच्या घरात कधी थेंब सांडला नाही, आणि आपल्याच घरात सांडलात?"

"लोकांच्या घरात खाली कापड अंथरायचो," आजोबा म्हणाले. "आपल्या घरात कशाला घाबरायचं?"

या घरात एक लहान मुलगीही होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून घरभर हिंडत असे. तिचे वडील ती पाळण्यात असतानाच गेले होते. मुंगी माझ्यामागे लपायची. तिचे पाय खाली ढळढळीत दिसायचे, तरी आई आणि आजोबा घरभर तिला शोधायचे, पातेल्यात सुद्धा डोकावायचे. दूध पिऊन झाले की ती मलाच तोंड पुसायची आणि आईचा धपाटा खायची. शेजारणी म्हणायच्या, "पडदा सुरेख आहे हो, कुठून घेतला?" आणि आई सगळ्यांना तेच दुकान सांगायची. वारा आला की मी पोट फुगवून खोलीभर यायचो. मी सुखात होतो आणि ते मला तेव्हा ठाऊकही नव्हते.

मग घरमालकाने ती इमारत विकली. नव्या मालकाला तिथे दुकाने काढायची होती. सगळ्या भाडेकरूंना घर खाली करायला सांगितले. आई कामावरून सुटली की भाड्याच्या खोल्या बघायला जाऊ लागली. परत आली की ती आधी चप्पल काढायची, मग पाणी प्यायची आणि आजोबांकडे बघायची. आजोबा काही विचारत नसत. भाडे आपल्या आवाक्यातले नव्हते, हे तिच्या पाणी पिण्यावरून त्यांना कळायचे. आजोबांचे काम तेव्हा सुटले होते. जन्मभर लोकांची छते रंगवताना हात वर धरून धरून त्यांचे खांदे कामातून गेले होते.

शेवटी लाँड्रीच्या मालकाने दया केली. लाँड्रीच्या मागे गाठोडी ठेवायची एक खोली होती. "माझं नवं मशीन येईपर्यंत राहा," तो म्हणाला. "मशीन आलं की मात्र मला जागा लागेल हं. तेव्हा रडारड नको." माणूस वाईट नव्हता. त्याला मशीन हवे होते आणि यांना छप्पर, एवढाच काय तो प्रश्न होता.

त्या खोलीला खिडकी नव्हती. मला वाटले, आता आपण ट्रंकेत जाणार. पण त्या खोलीत गाठोडी नेण्याआणण्यासाठी माणसांची सतत ये-जा असे आणि मुंगी आता लहान राहिली नव्हती. तेव्हा आईने एका भिंतीतल्या खिळ्यापासून समोरच्या पाइपापर्यंत तार ओढली आणि मला तिच्यावर चढवले. माझ्या एका बाजूला हॉटेलांच्या चादरींची गाठोडी, आईची आणि आजोबांची पथारी, स्टोव्ह. दुसऱ्या बाजूला एक गादी, एक दप्तर आणि मुंगी. मी आता भिंत झालो होतो.

पडद्याला टकटक करता येत नाही. म्हणून आजोबा माझ्यासमोर उभे राहून खाकरायचे आणि म्हणायचे, "मुंगीबाई, आपल्या खोलीत येऊ का?" मग आतून ती मोठ्या रुबाबात म्हणायची, "या, पण चपला बाहेर काढा." गाठोडी न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यानेही ही रीत उचलली. तो तर इतक्या जोरात खाकरायचा की आईने एकदा त्याला काढा दिला. अशा रीतीने घरात 'मुंगीची खोली' हा शब्द रुळला. त्या शब्दाने सगळ्यांना जरा बरे वाटायचे.

आईने घरवाटप कार्यालयात अर्ज केला होता. गरजूंना कमी भाड्याची सरकारी घरे मिळत. ज्या कुटुंबाला डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही आणि वाढत्या मुलीला निजायला वेगळी खोली नाही, त्याला आधी घर, असा नियम होता. नियम जणू यांच्यासाठीच केलेला होता. मशीन येण्याआधी घर मिळाले की सुटलो, असे आई रोज म्हणायची. आणि एके दिवशी निरोप आला की साहेब पाहणीला येणार आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी पाहुणा येणार असला की काय करता? घर आवरता. यांनीही तेच केले. आईने मला धुतले, खळ दिली आणि अशी कडक इस्त्री केली की मी स्वतःला ओळखले नाही. आजोबांनी दुखऱ्या खांद्याने भिंतीला चुना लावला. मुंगीने पुस्तके उंचीप्रमाणे रचली. हॉटेलच्या चादरींची गाठोडी आईने भिंतीशी ढकलून वर स्वच्छ कापड घातले, म्हणजे ती बैठकीसारखी दिसू लागली. लाँड्रीतून दोन खुर्च्या आणल्या. परक्या माणसापुढे आपले दारिद्र्य उघडे टाकायचे, हे त्या तिघांच्या मनातसुद्धा आले नाही. उलट, नीटनेटकी माणसे आहेत हे पाहून साहेब घर देतील, असे त्यांना वाटले.

साहेब आले, खुर्चीवर बसले, चहा प्याले. "वा, छान ठेवलंय हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "आणि पलीकडे काय आहे?"

आजोबा कौतुकाने म्हणाले, "ही आमच्या मुंगीची खोली."

साहेबांनी मला एका बोटाने थोडेसे सारले, आत डोकावले, मान हलवली आणि लिहून घेतले. त्या क्षणी मला कळले काय होते आहे. मला तारेवरून खाली पडायचे होते. फाटायचे होते. पण आईची दुहेरी शिवण होती, वर कडक खळ होती. मी ताठ उभा राहिलो. इतका सुंदर मी त्या खिडकीतही कधी दिसलो नव्हतो.

काही दिवसांनी उत्तर आले. 'दोन खोल्या. मुलीस निजण्याची वेगळी खोली आहे. तातडी नाही.'

 आईने मला तारेवरून ओढून काढले, पिशवीत कोंबले आणि तडक घरवाटप कार्यालय गाठले. रांगेत आमचा नंबर आला तेव्हा तिने मला खिडकीतून आत, कारकुनाच्या टेबलावर पसरले.

"हे काय आहे?" कारकून दचकला.

"भिंत," आई म्हणाली. "तुमच्या साहेबांनी लिहिलेली. बघा हात लावून."

रांगेतले काही जण हसले. कारकून हसला नाही. तोही दमलेला होता. "बाई, मला कळतंय," तो म्हणाला. "पण माझ्यासमोर कागदावर दोन खोल्या आहेत. मी त्या पुसू शकत नाही. फेरपाहणीचा अर्ज करा."

"मग कधी येतील?"

"ते सांगता येत नाही. आता न कळवता येतात. आणि हे बघा, तेव्हा हा पडदा लावलेला दिसला तर पुन्हा हेच होईल. उचला तो, मागे माणसं आहेत."

त्या दिवसापासून मी उशीखाली आहे. साहेब कोणत्याही दिवशी येतील, म्हणून मला एक दिवसही तारेवर चढवता येत नाही. खोली एकच आहे, हे दिसले पाहिजे. पण मुंगीला सकाळी कपडे बदलायचे असतात. पहिल्या दिवशी ती गाठोड्यांच्या आड बसली आणि गाठोडे नेण्यासाठी दार ढकलले गेले. ती किंचाळली. बिचारा टेम्पोवाला उलट्या पावली पळाला. तेव्हापासून तो बाहेरच्या दाराशी थांबून खाकरतो, पण सगळेच काही त्याच्यासारखे नसतात.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला उशीखालून काढले, माझी दोन टोके दोन हातांत धरली, हात वर केले आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहिले.

"आजोबा, खांदा दुखेल," मुंगी आतून म्हणाली.

"छतं रंगवलीत मी. हे काय जड आहे? चल, आटप."

तेव्हापासून रोज सकाळी आजोबा माझी तार होतात. त्यांच्या हातांची थरथर माझ्या अंगातून खालपर्यंत उतरते. मुंगी फार भरभर कपडे बदलायला शिकली आहे. वेणी मात्र ती आता बाहेर येऊनच घालते, तेवढाच आजोबांना आराम.

अशाच एका सकाळी दार उघडे होते आणि एक अनोळखी बाई आत आली. हातात फाइल होती. आजोबा मला धरून उभे होते. हात खाली टाकावेत तर नात उघडी पडणार, आणि वर ठेवावेत तर समोर पडदा दिसणार. त्यांचे तोंड पांढरे पडले, पण हात खाली आले नाहीत. "जरा थांबा बाई," ते म्हणाले, "आत मुलगी आहे."

 त्या बाईने आमच्याकडे पाठ केली आणि मुंगी बाहेर येईपर्यंत दाराकडे बघत उभी राहिली. मग तिने लिहिले, 'खोली एक.' आईने डोळ्यांना पदर लावला.

"आता घर मिळेल ना?" आईने विचारले.

"आता नाव यादीत जाईल," ती बाई म्हणाली. "पण घरं थोडी आहेत आणि नावं फार. मी खोटी आशा दाखवणार नाही. आणि मध्येच कुणी पुन्हा तपासायला येईल, तेव्हा हा लावू नका."

ती चांगली बाई होती. साहेबही चांगले होते, कारकूनही, मालकही. इतकी चांगली माणसे भेटूनही आम्ही होतो तिथेच आहोत, हे कोडे मला सुटलेले नाही.

परवा मालक टेप घेऊन आला. नवे मशीन कुठे बसेल, ते त्याने मोजून पाहिले आणि जमिनीवर खडूने चौकोन काढला. तो चौकोन बरोबर मुंगीच्या गादीभोवती आला. "अजून वेळ आहे," तो आईकडे न बघता म्हणाला. मुंगी आता त्या खडूच्या रेषेवर पाय न ठेवता आत जाते.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू सांगतो की आम्हाला जपा, धुऊन ठेवा, फेकू नका. माझे तसे काही म्हणणे नाही. मला पुन्हा एक खिडकी हवी आहे आणि त्या खिडकीच्या आत ही तीन माणसे हवी आहेत. ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. पण तुमच्यातले कुणी उद्या फाइल घेऊन कुणाच्या दारात गेले आणि आत एखादा पडदा छान इस्त्री करून लावलेला दिसला, तर खोल्या मोजण्याआधी एवढे विचारा की हा कशासाठी लावला आहे.

आजपासून आजोबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. सकाळी माझे एक टोक खाली लोंबले, तोच पांढऱ्या ठिपक्याचा कोपरा. मुंगीने आतून हात काढून तो धरला आणि एका हाताने बटणे लावू लागली. मी आपला स्वतःला होईल तेवढा पसरून राहिलो.