ब्रिगेडियरने वाचलेला कागद

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावी माजी सैनिकांच्या क्लबात त्या दुपारी अणुपाणबुड्यांवरून वाद चांगलाच पेटला होता. देशाला पाणबुड्या हव्यात की नकोत, याच्याशी लोर्ना पास्कोला काही देणंघेणं नव्हतं. ती आली होती ब्रिगेडियर हॅलोरनसाठी.

हॅलोरन एक्क्याऐंशी वर्षांचा, अजून ताठ, कोटावर पदकं. व्हिएतनामच्या लढाईवरचं त्याचं जाडजूड पुस्तक गावात घरोघरी होतं. लान्स कॉर्पोरल कॉलिन पास्कोने आज्ञा मोडून तुकडी सुरुंगांत नेली आणि स्वतःबरोबर तिघांना मारलं, असं त्यात छापलं होतं. कॉलिन म्हणजे लोर्नाचा भाऊ. लष्करभरतीच्या सरकारी सोडतीत त्याच्या जन्मतारखेची गोटी निघाली, म्हणून विसाव्या वर्षी सक्तीने भरती झालेला. पुस्तक आलं त्या वर्षी, त्या तिघांपैकी एकाची आई भर बाजारात लोर्नाच्या आईच्या तोंडावर थुंकली. त्यानंतर आईने उंबरा ओलांडला नाही. बाहेर आली ती शवपेटीतूनच.

तेव्हापासून लोर्नाने डूख धरला होता. कॅनबेराला खेपा घालून अकरा हिवाळे तिने लष्कराची जुनी खोकी उपसली, आणि शेवटी बिनतारी संदेशांची वही सापडली.

"पाणबुड्या विकत मिळतात, शिस्त मिळत नाही," हॅलोरन मंचावरून सांगत होता. "एका पोराने आज्ञा मोडली की काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय."

लोर्ना उठली आणि सरळ मंचापाशी गेली. "ब्रिगेडियरसाहेब, तुमचा आवाज छान आहे. एवढं जरा वाचून दाखवता?"

तिने पुढे केलेला त्या वहीतला कागद त्याने हसत घेतला. "दहा चाळीस. पास्को: समोर ताजी उकरलेली माती आहे. सुरुंग असावेत. मागे फिरायची परवानगी द्या." तो थांबला. हसू विरून गेलं. "अक्षर नीट लागत नाही, बाई."

"टाइप केलेलं आहे, साहेब."

"वाच की, म्हाताऱ्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दहा एक्केचाळीस. हॅलोरन..." त्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला. "परवानगी नाही. भेकडपणा पुरे. पुढे चला."

लोर्नाने त्याच्या हातातून कागद काढून घेतला, घडी घातली आणि बाहेर पडली.

गाडीपाशी त्याने तिला गाठलं. त्याला धाप लागली होती. "मी सव्वीस वर्षांचा होतो हो."

"तो वीसचा होता."

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

"पेपरात. तुमच्या सहीने. या आठवड्यात."

"माझी बायको अंथरुणाला खिळलीय. तिला हे कळलं तर..."

"माझ्या आईनेही तुमचं पुस्तक वाचलं होतं," लोर्ना म्हणाली आणि गाडी सुरू केली. त्याची तिला कणभरही दया आली नाही. दया येते का, हे तिने मुद्दाम चाचपूनही पाहिलं.

शनिवारी पत्र छापून आलं. 'युद्धाच्या गोंधळात माझ्याकडून काही नोंदी राहून गेल्या.' लोर्नाने चहा बाजूला सारला आणि त्याला फोन लावला.

"गोंधळ नव्हता. त्याने विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. पुन्हा लिहा."



"लिहितो," तो म्हणाला.

बुधवारच्या पत्रात तीनच वाक्यं होती. लोर्नाला एकही शब्द खोडावा लागला नाही.