शपथेचा डबा

धनेश वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात साहेबांनी विचारलं, "कोण बोलणार?" आणि कुणीच उठेना, तेव्हा हाच उठला. माइक हातात आल्यावर त्याला जोर चढला. आजपासून आपल्या शिवारात पिकेल तेच खाईन, लांबून ट्रकने आलेलं नको, प्लास्टिकच्या पुडीतलं नको, ताटात काही टाकणार नाही, अशी शपथच घेऊन टाकली त्याने. टाळ्या पडल्या. मागच्या पोस्टरवर नाचणीच्या कणसाचं भलंमोठं चित्र होतं, त्याच्यासमोर फोटोही निघाला.

डोळखांबच्या पुढे पाड्यावर घरी आल्यावर त्याने फोटो बायकोला दाखवला.

"शपथ तुमी घेतली," माधुरी म्हणाली, "आनि भाकरी कोन थापनार?"

"अगो, धरतीसाठी करायचंय."

"मग धरती येनार हाय का पीठ मळाया?"

बोलली खरी, पण तिला ते आवडलं होतं. माळावरचा वरकस जमिनीचा तुकडा पडीकच होता. त्या पावसात तिने तिथे पुन्हा नाचणी लावली. घरात होती ती दळून आणली आणि रोज सकाळी उठून धनेशचा डबा भरायला लागली. नाचणीची भाकरी आणि सोबत जे हाताला लागेल ते. पावसात टाकळा नाहीतर कुर्डूची रानभाजी, पुढे काकडीची कोशिंबीर, भात झोडून झाल्यावर वालाचं बिरडं. संध्याकाळी डबा परत यायचा तो चाटूनपुसून.

"एक घास मागं येत नाय आत्या," ती सासूला अभिमानाने सांगायची.

"माझा पोर? आनि नाचनी?" गुणाबाई म्हणायची.

थंडीत एका रविवारी धनेशच्या खात्यातले दोघं जेवायला आले. एक अमोल, दुसरी सोनाली, मुरबाडकडची, म्हशाजवळच्या गावची. धनेशला हा बेत फारसा पसंत नव्हता, पण अमोल ऐकेना. त्याला वहिनींच्या हातचं गरम खायचं होतं.

माधुरीने पळसाच्या पत्रावळी मांडल्या, बिरडं वाढलं, तव्यावरची भाकरी थेट पानात टाकली. अमोलने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"हीच! वहिनी, हीच ती चव!"

"कुठली ओ?" माधुरीने विचारलं. "तुमी कदी खाल्ली?"

"रोज खातो की!"

सोनालीने त्याला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. अमोलचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. मग, आता लपवून काय उपयोग, अशा चेहऱ्याने त्याने सांगून टाकलं. धनेशभाऊ डबा आमाला देतात. सगळे मिळून संपवतो. आनि ते गेटवरच्या गाडीवर वडापाव खातात.

"प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन," सोनाली हळूच म्हणाली. आता तीही थांबणार नव्हती. "सुकी चटनी येगळ्या पुडीत."

धनेश भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवत राहिला, बुडवतच राहिला. गुणाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. माधुरी मात्र हसली नाही. ती उठून चुलीपाशी गेली. धनेश मागोमाग गेला.

"मी कोनासाठी उठते वो एवढ्या सकाळी?" ती तव्याकडे बघत म्हणाली.

"गार झाली का घशात फिरते गो," धनेश म्हणाला. "लहानपनी तांदूळ संपले का नाचनीच. पाव मिळायचा तो ताप आल्यावर. मी तर तापाची वाट बघायचो."

"मग सांगायचं नाय?"

"तू एवढ्या हौशीनं करत व्हतीस. कसं सांगू?"

माधुरीने भाकरी उलटली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ती वळली.

"शपथेत नाचनी कुठं व्हती?"

"पोस्टरवर व्हती ना."

"आनि आपल्या खाचरात तांदूळ पिकतो, तो काय पंजाबातून येतो?"

धनेश बघतच राहिला. ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. त्याचं ते तोंड बघून मग मात्र माधुरीला हसू आवरेना.

बाहेर येऊन तिने अमोलला आणखी एक भाकरी वाढली. "शपथ यांनी घेतली नि पाळली तुमी. यांना उद्यापासून तांदळाची. नाचनीची तुमाला येगळी देईन."

तेव्हापासून धनेश दोन डबे नेतो आणि एक खरोखर स्वतः खातो. सोनालीकडून कधी बोरं येतात, कधी परसातली वांगी. वडापाव सुटला नाही, पण आता तो शनिवारीच, आणि तोही रिकाम्या डब्यात घ्यायचा असा करार झाला. गाडीवाला पहिल्यांदा म्हणाला, "काय शेठ, पिशवीवर रुसला का?" धनेश लाजला, पण डबा पुढे धरून उभा राहिला.

गेल्या शनिवारी डबा जड आला. आत दबून चपटा झालेला, गारठलेला एक वडापाव.

"तुझ्यासाठी," धनेश म्हणाला आणि घाईघाईने हातपाय धुवायला गेला.

माधुरीने ओट्यावर बसून अर्धा गुणाबाईला दिला. एक घास खाऊन ती थबकली.

"आत्या, बटाटा कुठला असंल वो हा?"

"खा गुपचूप," गुणाबाई म्हणाली.