पडद्याखालचे पाय

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा हाय. गप लटकणं मला जमत नाय. पंखा फिरला की फडफडतो, दार उघडलं की फुगतो. वाळूजच्या कंपन्यांमागं एक गल्ली हाय, तिथल्या दवाखान्यात तपासायच्या टेबलापुढं माझी जागा.

वहाब टेलरनं मला शिवलं. ठाणाचं शेवटचं कापड, वीतभर कमी पडलं. वहाबचाचा म्हणाला, "चलता है. वरचं अंग झाकलं, बस झालं." कशाचं बस? त्या वीतभरानं काय केलं ते ऐका.

पहिली वर्षं मान होता. घाबरलेल्या बाया माझी कड मुठीत धरायच्या. मला धुवायचं मात्र कुणाच्या डोक्यात येईना.

मग दर गुरुवारी जहांआरा सिस्टर बायांचे संबंधातून लागणारे आजार तपासायला लागली. गल्लीत लगेच बोभाटा. गुरुवारी पडद्यामागं तसल्याच बाया जातात म्हणे! मग येतंय कोण? बाया घरीच बसल्या. पांढरं जातंय, आग होतीय, तरी "उष्णता झाली" म्हणून धण्याचं पाणी पीत. मला लई राग यायचा. पण पडद्याला तोंड कुठाय?

एका गुरुवारी आशाबाई आली, पदर नाकापर्यंत ओढून. चौथा महिना होता. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. मागच्या हप्त्यात तिचं रक्त तपासलं होतं. सिस्टर हळू बोलली, "आशा, रक्तात संबंधातून लागणारा आजार निघालाय. नवऱ्याला खाली कवा फोड आला होता का?"

"तीन वर्षं झाली. दुखला बी नाय. आपोआप बसला."

"फोड बसतो गं, आजार नाय बसत. तो पोटातल्या लेकराला धरतो. तू सुई घे, बन्सीला बी आण. येळेत घेतली तर लेकरू बहुतेक वाचतं."

आशाबाईनं चपला काढल्या. बाहेर ताप-खोकल्याच्या बाकड्यावर गल्लीतली साळूबाई बसलेली, तिची नजर माझ्या खालून आत.

"अगं बया! हे वाकडं जोडवं तर बन्सीच्या आशीचं! ही बी गुरुवारची झाली का?"

बाकडंभर हसू. मी खाली ओढायला बघितलं स्वतःला. वीतभर कापड आणू कुठून? आशाबाई चपला हातात घेऊन पळाली. भरलेली सुई सिस्टरच्या हातात तशीच.

दुसऱ्या दिवशी सासू सारजाबाई तणतणत आली. "माझ्या सुनंला काय झालंय? गल्ली तोंडाला काळं फासती!"

"सुनेचं मी सुनेशीच बोलणार, आजी. आजार कसा असतो तेवढं ऐका." सिस्टरनं तिला बसवलं. चांगल्या घरच्या बाईला बी लागतो, घरच्या गड्याकडूनच येतो, रक्तात कळतो, औषधानं बरा होतो, आन न कळला तर पोटातली लेकरं जातात.

"पोटातच?" सारजाबाईनं विचारलं. उठताना एवढंच म्हणाली, "आन मी तिलाच पांढऱ्या पायाची म्हणत होते."

पुढच्या गुरुवारी ती गल्लीतल्या अकरा बाया घेऊन आली. आशाबाई मधोमध. म्हातारी पयली आत शिरली, पाय आपटत. "ये साळे! बघ माझे पाय! भेगा मोज!"

"आजी, तुम्हाला काय होतंय?" सिस्टरनं विचारलं.

"काय बी नाय," म्हातारी कुजबुजली. "गुडघे दुखतात ते लिही. पण येळ लाव जरा."

मग एकेक बाई आत आली. कोण खरी आजारी, कोण नुसती बसायला आलेली, बाहेर कुणालाच कळेना. आशाबाईनं सुई घेतली तेव्हा माझी कड एवढी पिळली की दोरे उसवले. उसवू द्या! दोन दिवसांनी म्हातारीनं बन्सीला फर्स्ट शिफ्टच्या बसमधून उतरल्या उतरल्या धरून आणलं. "आई, लोक बघतात," तो म्हणाला. "बघू दे की. तुझी बायको गेली ना लोकांपुढून?"

पण त्या गुरुवारी सगळ्यात शेवटी आत आली साळूबाई. आज तिचाच पदर नाकापर्यंत ओढलेला. "सिस्टर... मला वरीस झालं. लई जातं, वास येतो. कुणाला सांगणार?"

"मला सांग की," सिस्टर म्हणाली आन मला पुरं ओढून घेतलं.

आशाबाईला पोरगी झाली. जिती, दणकट, दवाखाना डोक्यावर घेणारी.

मित्रांनो, मी आता विटलोय, कड उसवलीय. मला धुवा, जमलं तर वीतभर कापड जोडा. नाय जमलं तरी चालंल. पण घरात आई, ताई, वैनी दुखणं अंगावर काढत असंल, तर तिला तपासायला जा म्हणा. संगं जा. आन बाकड्यावर बसाल तेव्हा खाली वाकून कुणाचे पाय वळखू नका.