अथांग तळ्याची खोली

मामांच्या कानावर पडलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडायची ती दुप्पट होऊनच. पस्तीस वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या आवारात माळीकाम केलं. पुढं कंबरेनं दगा दिला, तेव्हा कुलसचिव साहेबांनी त्यांना पाहुण्यांना आवार दाखवायच्या कामावर बसवलं. बसवलं म्हणायचं, पण काम सगळं पायी चालण्याचं.

घड्याळाचा मनोरा चार मिनिटं मागं. का? "पहिल्या कुलगुरूंना उठायला उशीर व्हायचा. त्यांच्यासाठी घड्याळ थांबायचं, ती खोड गेली नाही." ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना बावन्न, उतरताना एक्कावन्न. "एक पायरी आतच वाचत बसते." गणित विभागापुढची उंच झाडं ओळीत सरळ उभी. "शेजार तसं वळण!" पाहुणे हसायचे, फोटो काढायचे, आणि मामा त्यांना हळूच तळ्याकडं वळवायचे.

तळं आवाराचा जीव होतं. उतरत्या दगडी पायऱ्या, तांबडी कमळं, पाण्यात उलटा लटकलेला मनोरा. दिवस कलला की त्या मनोऱ्यावरून मासे फिरायचे. बोलकी माणसंसुद्धा इथं आली की गप्प व्हायची. पण गप्प माणसं मामांना बघवत नसत. म्हणून ते आवाज खाली आणून सांगायचे, "याची खोली आजवर कुणाला लागली नाही. एका प्राध्यापकांनी दोरी सोडली. सव्वाशे हात गेली. दोरी संपली, प्राध्यापकांचा धीर संपला, पाणी काही संपेना." मग बुडालेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट यायची. पहिल्या वर्षी एक होता. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे होत गेले तसे तीन झाले, मग पाच. "त्यातल्या एकाची हजेरी अजून लागते," असंही एकदा बोलून गेले.

खरं सांगायचं तर पाणी कंबरेएवढं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मामाच घमेल्यानं गाळ उपसायचे. तिथला दगड न् दगड त्यांच्या तळपायाच्या ओळखीचा होता. आणि बुडालं कधी कुणी नव्हतं. एक छत्री बुडाली होती, तीही मामांची.

पण विद्यापीठानं पाहुण्यांसाठी गुळगुळीत कागदाची पुस्तिका छापली, तीत मामांचं सगळं बोलणं जसंच्या तसं आलं. आणि नव्या इंजिनीअर बाई रुजू झाल्या, त्यांनी ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. असं करणारं माणूस विद्यापीठात प्रथमच आलं होतं. त्यांनी अहवाल दिला: खोली अज्ञात, मृत्यू पाच, कठडा नाही. तळं तातडीनं बुजवावं. जागा गाड्या उभ्या करायला वापरावी.

मामांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जिभेला हाड नाही म्हणत होते मी, तर हसायचात. घ्या आता."

"अगं, मला काय ठाऊक, कुणी खरं मानेल म्हणून?"

"मग उद्या जाऊन सांगा, मी थापा मारल्या म्हणून. पस्तीस वर्षांत एकदा खरं बोलाल, जड जाईल जरा."

मामा रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी कुलसचिव साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. इंजिनीअर बाई तिथंच होत्या.

"साहेब, ते पाच जण मीच बुडवले."

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. मामांनी घाईघाईनं उलगडा केला तेव्हा बाईंचा चेहरा मऊ झाला. "मामा, तळ्यावर तुमचा जीव आहे, कळतं मला. पण त्यासाठी आता खोटं नका बोलू."

"बाई, खोटं तेव्हा बोललो! आता खरं बोलतोय!"

"पुस्तिकेत छापलंय, मामा," साहेब म्हणाले.

"ते मीच सांगितलंय ना!"

"तेच तर. तुमच्याइतकं तळं कुणाला माहीत आहे?"

जन्मभर लोकांनी मामांचं खोटं झेललं होतं, आणि एक खरं घ्यायला कुणी हात पुढं करेना. शेवटी ते म्हणाले, "उद्या दहाला तळ्यावर या. मी चालत पलीकडं जातो. मग तर पटेल?"

बाईंनी साफ नकार दिला. पण मामा कुणाला विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेब, बाई, चार पहारेकरी आणि तास बुडवून आलेले शंभरेक विद्यार्थी जमले. बाई "मामा, थांबा!" म्हणेपर्यंत मामा धोतर खोचून पाण्यात उतरले होते. पाणी घोट्याला, गुडघ्याला, मांडीला. "बघा!" ते वळून ओरडले, "लहान पोर उभं राहील इथं!" कुणीतरी टाळी वाजवली. मामांना पहिल्यांदाच खऱ्या गोष्टीवर टाळी मिळाली होती. ते आणखी चार पावलं पुढं गेले.

एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. कंबर गेल्यापासून तीन उन्हाळे त्यांनी गाळ काढला नव्हता. काम ठेकेदाराकडं गेलं होतं, आणि ठेकेदाराची माणसं वरची पानं तेवढी गोळा करायची. मामांच्या तळपायांना तीन वर्षांपूर्वीचं तळं माहीत होतं.

मधोमध त्यांचा डावा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. तो उपसायला गेले तर उजवा गेला. तोल जाऊन ते मागं गाळातच बसले, आणि पाणी छातीला आलं, मग गळ्याला. ते हलले की खालचा गाळ आणखी घट्ट धरायचा.

"पाणी नाहीये हे!" ते ओरडले. "गाळ आहे! गाळ!"

काठावर कुणी ऐकत नव्हतं. "सहावा! सहावा!" अशी एकच बोंब उठली.

बागेची नळी कंबरेला बांधून दोन पहारेकरी आत उतरले, काठावरच्या दोघांनी ओढलं, आणि मामा बाहेर आले ते काळेकुट्ट. बाईंनी अंगावरचा कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला.

"काल घरी जाताना वाटत होतं, तुमचं ऐकायला हवं," त्या म्हणाल्या. "आता नाही वाटत, मामा."

मामा काहीतरी बोलायला गेले. तोंडातून चिखल आला.

आठवड्यानं मातीच्या गाड्या आल्या. खोली अज्ञात, म्हणून बाईंनी साठ गाड्या मागवल्या होत्या. मामा लांब, सगळ्यात वरच्या पायरीवर बसून मोजत होते. आठवीला कमळं गेली. अकरावीला पाण्यातला मनोरा गेला. चौदाव्या गाडीला जमीन सपाट झाली.

पंधरावीचा चालक गाडी उभी करून खाली उतरला, सपाट मातीकडं बघून डोकं खाजवू लागला, आणि मामांपाशी आला. बाई थोड्या अंतरावर हातातला आपलाच अहवाल पुन्हा पुन्हा वाचत उभ्या होत्या.

"काका, इथं तर भरलंय. मागं अजून पंचेचाळीस गाड्या उभ्या आहेत. कुठं टाकू?"

मामांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान वर केली नाही.