पिवळ्या फुलाची रिंगणी

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात कुमुदिनीच्या परसात, धुण्याच्या दगडामागे, एक रोप आलं. रेशनचा अमेरिकन गहू पाखडला की निघालेला कचरा ती तिथंच टाकायची, त्यातूनच ते रुजलं असावं. पानं कलिंगडासारखी कातरलेली. म्हणून तिनं ते उपटलं नाही. उलट आळं केलं, राख घातली.

श्यामकांत अंबरनाथला कारखान्यात गेले की कुळगावच्या त्या घरात ती आणि सासरे, अण्णा, दोघंच उरायची. अण्णांची हयात वैद्यकीत गेलेली. झाडपाल्याची जी काही ओळख तिला होती, ती त्यांनीच लग्नानंतर तिला बांधाबांधानं हिंडवून करून दिली होती. रोप पाहून ते म्हणाले, "कलिंगडच."

मग त्याला काटे फुटले. देठांना, पानांच्या शिरांनासुद्धा.

"पिवळा धोतरा," अण्णा म्हणाले.

तिनं फांदी मोडून पाहिली. धोतऱ्याचा पिवळा चीक निघतो. इथं चीकच नव्हता. फांदी तिनं कुंपणापलीकडे भिरकावली. दोन-तीन दिवसांत फुलं आली. रंग पिवळाधमक, पण घडण थेट वांग्याच्या फुलाची.

"रिंगणी आहे," अण्णा ठामपणे म्हणाले. "बरं झालं. माझ्या खोकल्यावर काढा कर. मुळासकट घे."

"पण अण्णा, रिंगणीचं फूल जांभळं ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"आता तू मला शिकवणार?"

ती आत आली, पण डोकं चालेना. झाड विचित्र आहे, की अण्णांनाच विसर पडत चाललाय? तेच विसरले असतील तर त्यांना ते कसं सांगायचं? आणि ते बरोबर असले, तर आपण कोण त्यांना अडवणार?

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेली पुतळाबाई दारातच बसली. "बाय, तुजे कुंपनाशी चरली न् तवापासून माजी बकरी पडलीय. तोंडाला फेस येतो. उभीच ऱ्हात न्हाय."

"काय खाल्लं तिनं?"

"मना काय ठावं? काटेरी पाला व्हता तोंडात."

बकऱ्या काय वाट्टेल ते खातात. तेवढ्यावरून कुमुदिनीची खात्री पटेना. पण आतून अण्णांची हाक आली, "कुमुद, काढा झाला का?" तशी तिनं कुंपणाचा अडुळसा खुडला, गूळ घालून उकळला आणि रिंगणी म्हणून वाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांच्याशी ती पहिल्यांदाच खोटं वागत होती.

अण्णांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हा अडुळसा आहे."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं बकरीचं सगळं सांगितलं. अण्णांनी वाटी बाजूला सारली.

"मला ते झाड माहीत नाही, कुमुद. नाव विसरलोय, की कधी माहीतच नव्हतं, तेही कळत नाही. म्हणून सुचेल ते नाव देत गेलो."

"आणि काढा? तो प्यायला असतात?"

"प्यालो असतो. एकदा रिंगणी म्हटल्यावर माझाही विश्वास बसला होता."

दुपारी दोघांनी हातांना गोणपाट गुंडाळून झाड उपटलं. काटेरी बोंडं धरू लागली होती. तीही एकूण एक वेचून जाळली. बकरी पुढं चार-सहा दिवसांनी उठली, पण दुधाला आटली.

त्याच संध्याकाळी जेवताना श्यामकांतनी अण्णांच्या मनगटावरचे ओरखडे पाहिले. "हे काय झालं?"

कुमुदिनी वाढत होती.

"कसलंसं झाड होतं," अण्णा म्हणाले. "माझ्या ओळखीचं नव्हतं."

श्यामकांत चकित होऊन बघतच राहिले. अण्णांनी हे कबूल केलं याचा आनंद मानावा, की वाईट वाटून घ्यावं, ते कुमुदिनीला उमगेना. तिनं अण्णांच्या पानात भात वाढला.